परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप : नागपूर-विदर्भातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर माझ्याकडे आहे, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपची जाहिरात निघाली की मुलं आधी स्टाफरूमच्या दाराशी येतात. प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. पात्रतेच्या अटी मंत्रालयाच्या इंटर्नशिप धोरणातल्या आहेत. बाकीचं सगळं मुलांच्या शेजारी बसून अर्ज भरताना कळलेलं आहे. त्या त्या सत्राची जाहिरात मात्र मंत्रालयाच्या मूळ पोर्टलवर स्वतः वाचा, कारण तारखा तिथेच कळतात.

मॅडम, हे दिल्ली-मुंबईच्या मुलांसाठी असतं ना? आम्ही कुठं त्यात?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, तोंडावर विचारणारे थोडे. बाकीचे अर्ज अर्धवट सोडून देतात आणि जाहिरातीची तारीख निघून गेली की सांगतात, "राहून गेलं." मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

या इंटर्नशिपची निवड मुळातच देशभरातल्या राज्यांना प्रतिनिधित्व मिळावं अशा पद्धतीनं बांधलेली आहे. तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी म्हणून मोजले जाता. दिल्लीच्या नामांकित कॉलेजात शिकणारा दिल्लीचा मुलगा तुमच्या राज्याच्या रांगेत उभाच नसतो.

आणि परराष्ट्र व्यवहार नागपूरला परका कधीच नव्हता. पी. व्ही. नरसिंह राव १९८८-८९ मध्ये परराष्ट्रमंत्री होते तेव्हा ते रामटेकचे खासदार होते. त्यांचं कायद्याचं शिक्षणही नागपूरचंच. २०२३ मध्ये भारताकडे जी-२० चं अध्यक्षपद होतं, तेव्हा नागरी संस्थांच्या सी-२० गटाची पहिली बैठक मार्चमध्ये नागपुरात झाली. आपल्या शहरातलं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय तर थेट परराष्ट्र मंत्रालयाच्याच अखत्यारीत येतं. पासपोर्ट काढायला गेलेला प्रत्येक नागपूरकर त्या मंत्रालयाच्या दारातून एकदा तरी आत गेलेला आहे.

नक्की काय आहे हे? फेलोशिप की इंटर्नशिप?

अधिकृत नाव इंटर्नशिप. आपल्याकडे बोलताना दोन्ही शब्द सरमिसळ वापरतात, पण पोर्टलवर शोधताना "इंटर्नशिप" असंच शोधा. मुख्यमंत्री फेलोशिप ही राज्य शासनाची वेगळी योजना आहे, तिचा परराष्ट्र व्यवहाराशी संबंध नाही. दोन्हींची गल्लत करणारे दर वर्षी भेटतात.

ही इंटर्नशिप दिल्लीत, मंत्रालयाच्या मुख्यालयात करायची असते. कालावधी किमान एक महिना, जास्तीत जास्त तीन महिने. वर्षात दोन सत्रं असतात आणि एका सत्रात ३० पर्यंत जणांना घेतात.

फक्त उन्हाळ्यात असते का?

नाही. पण आपल्या मुलांना सोयीचे पडतात ते उन्हाळ्याचे महिने, कारण परीक्षा संपलेली असते आणि पुढचा प्रवेश व्हायचा असतो. मे-जून डोक्यात असेल तर तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करा. जाहिरात, छाननी, मुलाखत, पडताळणी या सगळ्याला वेळ जातो. एप्रिलमध्ये जागं झालेल्याला त्या उन्हाळ्यात काही मिळत नाही.

पात्रता काय?

भारतीय नागरिकत्व. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, तीही अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी मिळालेली. आणि ज्या वर्षी इंटर्नशिप करणार त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय २५ पेक्षा जास्त नको. वयाचा हिशेब अर्जाच्या दिवसाचा नाही, वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेली मुलं इथे चुकतात. बोटावर मोजून बघा.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवी हातात नाही. भरू का?

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकाच परिस्थितीत परवानगी आहे: तुमच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची असली पाहिजे.

इथे आपल्या मुलांनी थोडं थांबून स्वतःचा अभ्यासक्रम उघडून बघावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात जी श्रेयांकांची (क्रेडिट्सची) चौकट आली, तिच्यात "ऑन जॉब ट्रेनिंग" किंवा इंटर्नशिपचे श्रेयांक आहेत. तुमच्या विषयाला, तुमच्या सत्रात ते सक्तीचे असतील तर तुम्ही या अटीत बसू शकता, आणि ते अनेकांच्या लक्षातही येत नाही. श्रेयांकांच्या तक्त्याचं ते पान काढा आणि प्राचार्यांकडून महाविद्यालयाच्या लेटरहेडवर तसं पत्र घ्या. पत्रात मोघम "विद्यार्थ्यास इंटर्नशिप करण्यास हरकत नाही" एवढंच नको. "अमुक सत्रात इंटर्नशिप अनिवार्य आहे" असा स्पष्ट शब्द हवा. दोन्हींत फार फरक आहे.

निकाल लांबला असेल तर? परीक्षा झाली, गुणपत्रिका नाही, अशा अवस्थेत पदवी मिळाली असं धरू नका. पुढच्या सत्राला भरा.

राज्यशास्त्रच हवं का? माझं इंजिनिअरिंग झालंय.

चालतं. पदवी कुठल्याही शाखेची असू शकते. इंजिनिअर, वकील, कृषी पदवीधर सगळे अर्ज करतात, आणि मंत्रालयात ऊर्जा, सायबर, व्यापार, हवामान असे विषय असतात तिथे ती पार्श्वभूमी कामाला येते. फक्त "यूपीएससीचं जीएस (सामान्य अध्ययन) चांगलं होईल" एवढ्या कारणासाठी आलात तर ते मुलाखतीत लगेच दिसतं.

टक्के कमी आहेत. उपयोग होईल का?

खरं सांगायचं तर पहिल्या छाननीत बारावी आणि पदवीच्या गुणांना महत्त्व असतं. अर्ज खूप येतात, जागा थोड्या असतात. पण ही छाननी नुसत्या टक्क्यांची नाही. त्यात राज्याचा कोटा आहे, महिला उमेदवारांचं प्रमाण राखण्याचा विचार आहे, आणि आकांक्षित जिल्ह्यांतल्या उमेदवारांना झुकतं माप आहे. "माझे ७२ टक्के, म्हणजे संपलं" असं घरी बसून ठरवू नका. तो निर्णय छाननी करणाऱ्यांचा आहे.

सीजीपीए असेल तर टक्क्यांत रूपांतर करण्याचं सूत्र बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं. मागची बाजूही स्कॅन करा. मनानं दहानं गुणून आकडा भरू नका.

आकांक्षित जिल्हा म्हणजे काय? विदर्भातले कोणते?

जानेवारी २०१८ मध्ये केंद्रानं विकासात मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांच्यासाठी कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, वाशिम, नंदुरबार आणि धाराशिव. म्हणजे दोन आपल्या विदर्भातले. नागपुरात खोली करून शिकणारी गडचिरोलीची कितीतरी मुलं अर्जात पत्ता म्हणून नागपूरची भाड्याची खोली टाकतात आणि हक्काचा जिल्हा स्वतःच पुसून टाकतात. कायमचा पत्ता आरमोरी, कुरखेडा, भामरागड जो असेल तो लिहा. त्याचा दाखला जोडा.

मी छिंदवाड्याचा आहे, पण कॉलेज नागपुरात. कुठल्या राज्यातून?

तुमचा अधिवास मध्य प्रदेशचा असेल तर मध्य प्रदेशातूनच. छिंदवाडा, बालाघाट, सिवनीची खूप मुलं नागपुरात शिकतात, त्यांना हा प्रश्न पडणारच. दोन राज्यांचे अधिवास दाखले काढून ठेवण्याच्या फंदात पडू नका.

कोणती कागदपत्रं जमवू?

दहावीची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, अधिवास दाखला. आपल्याकडे त्याचं पूर्ण नाव "वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र". आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतं. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी बऱ्याच जणांनी काढलेलं असतं, घरातल्या फाईलमध्ये आधी शोधा.

अर्जात प्रवर्ग विचारला असेल आणि तुम्ही ओबीसी असाल, तर राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, हे लक्षात ठेवा. केंद्राच्या कामाला केंद्राचा नमुना लागतो. एनटी, एसबीसी असे प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाहीत. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. तुमची जात तिथे आहे का ते आधी तपासा आणि मगच रकाना भरा.

आता नावाचं. काटोलकडची एक मुलगी, हुशार, पदवीला वर्गात पहिली. अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं की दहावीच्या गुणपत्रिकेवर तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये "व्ही" आहे आणि आधारवर "डब्ल्यू". शिवाय एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. आडनावाच्या क्रमाचं स्पष्टीकरण देता येतं, एका अक्षराचं देताना पंचाईत होते. आधार दुरुस्तीला तिनं त्याच दिवशी अर्ज टाकला, पण हातात शेवटचे चार दिवस होते. तिचे वडील एसटीनं दोनदा नागपूरला येऊन गेले. आम्हाला ते सत्र सोडावं लागलं. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिनं त्या दिवशी दोन्ही स्पेलिंगं एकाखाली एक लिहिली होती, ते पान मी अजून विसरले नाही. म्हणून आता मी पहिल्या वर्षाच्या मुलांनाच सांगते: दहावीची गुणपत्रिका, आधार आणि असलाच तर पासपोर्ट, तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

स्कॅन झेरॉक्सच्या दुकानातून करून घ्या. मोबाईलनं काढलेल्या फोटोत हाताची सावली येते, कोपरा कापला जातो. फाईलचा आकार किती हवा ते पोर्टलवर दिलेलं असतं, त्याप्रमाणे आधीच बारीक करून ठेवा. शेवटच्या रात्री सर्व्हरवर गर्दी असते. दोन दिवस आधी भरलेला अर्ज शांतपणे तपासता येतो.

"का करायची आहे" हे विचारलं तर काय लिहू? काही सुचत नाही.

इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपली मुलं इथेच कमी पडतात, आणि खरं तर इथेच ती वरचढ ठरू शकतात.

मी वाचलेल्या बहुतेक मसुद्यांची सुरुवात अशी असते: लहानपणापासून मला आंतरराष्ट्रीय घडामोडींची आवड आहे, भारत महासत्ता होत आहे, मला देशसेवा करायची आहे. यात खोटं काही नाही. पण हे वाक्य कोईमतूरची मुलगी लिहू शकते, जयपूरचा मुलगाही लिहू शकतो. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

मी मुलांना विचारते, तुमच्या गावात परदेशाचा संबंध कुठे येतो? पहिल्यांदा सगळे गप्प बसतात. मग वरूड-मोर्शीकडचा एक जण हळूच म्हणतो, "संत्रा."

तोच धागा. आपल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ पासून बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं, तशी निर्यात घटली आणि माल देशातच साठून भाव पडले. वरूडच्या बागायतदाराचा भाव ढाक्यातल्या एका निर्णयानं बदलतो. हा प्रश्न व्यापार मंत्रालयाचा आहे, तसाच परराष्ट्र मंत्रालयाच्या बांगलादेशाशी संबंधित विभागाचाही आहे, कारण शेजारी देशाशी बोलताना संत्रा एकटा टेबलावर येत नाही. त्याच्यासोबत कांदा असतो, वीज असते, नदीचं पाणी असतं, तिथलं बदललेलं सरकार असतं. ज्यानं बापाबरोबर संत्र्याच्या पेट्या भरल्या आहेत, त्यानं हे दोनशे शब्दांत लिहिलं तर ते वाचणारा पुढचं पान उलटणार नाही.

भंडारा-गोंदियाच्या मुलांकडे धान आहे. २० जुलै २०२३ ला केंद्रानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठवली. मधल्या काळात काही देशांनी सरकारी पातळीवर विनंती केली आणि त्यांना ठराविक तांदूळ देण्यात आला. घरगुती महागाई सांभाळायची की मित्रदेशाचं ताट, हा निर्णय कसा होतो, हे विचारायचा हक्क गोंदियाच्या राईस मिलमध्ये काम करणाऱ्याच्या मुलीला नाही तर कोणाला आहे? यवतमाळ-वर्ध्याच्या मुलांकडे कापूस आहे. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये तात्पुरतं हटवलं गेलं, त्यामागे अमेरिकेनं लावलेल्या शुल्काचा मोठा संदर्भ होता.

आणि दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे जे घडलं ते आपल्याला माहीत आहे. पण जपान, थायलंड, श्रीलंकेतून भिक्खू आणि उपासक तिथे का येतात, कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर जपानी मदतीतून का उभं राहिलं, याकडे परराष्ट्र धोरणाच्या नजरेनं फारसं कोणी पाहत नाही. २०२४ मध्ये भारतानं बुद्धाचे पवित्र अवशेष दर्शनासाठी थायलंडला पाठवले होते. बौद्ध वारसा हा भारताच्या पूर्वेकडच्या संबंधांचा भाग आहे, आणि त्या वारशाचं एक जिवंत केंद्र आपल्या शहरात, शहर बसच्या अंतरावर आहे. लक्ष्मीनगरात राहणाऱ्या मुलीनं हे लिहावं, तिच्याइतकं जवळून ते कोणी पाहिलेलं नाही.

मसुदा लिहिताना तीनच गोष्टी सांभाळा. तुम्ही स्वतः काय पाहिलं, त्यातून कोणता प्रश्न पडला, आणि मंत्रालयात बसून त्या प्रश्नाची कोणती बाजू समजून घ्यायची आहे. आधी मराठीत लिहा, मनात येतं तसं. मग इंग्रजी करा. उलट केलंत तर इंग्रजी वाक्यांच्या मागे तुम्ही हरवता. आणि दुसऱ्याचा किंवा यंत्राकडून लिहून घेतलेला मसुदा देऊ नका, मुलाखतीत तुम्हाला त्यातल्याच ओळी विचारणार आहेत.

मुलाखत कुठे होते? दिल्लीला जावं लागतं का?

व्हिडिओ कॉलवर होते, घरूनच.

नागपूरच्या उन्हाळ्यात याची एक वेगळी अडचण आहे, ती सांगते. मागे माझ्या एका विद्यार्थ्याची मुलाखत मे महिन्यात दुपारी होती. मानेवाड्याचं घर, वर पत्रे. आदल्या दिवशी आम्ही रंगीत तालीम घेतली तर मला त्याच्या आवाजापेक्षा कूलरचाच आवाज जास्त येत होता. कूलर सुरू तर ऐकू येत नाही, बंद तर दहा मिनिटांत घामानं शर्ट भिजतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईनं सकाळपासून खोली बंद ठेवून कूलर चालवला, खिडकीला ओली चादर लावली आणि मुलाखतीच्या पाच मिनिटं आधी कूलर बंद केला. वडील दाराबाहेर बसले, कोणी बेल वाजवू नये म्हणून. वीज गेली तर असावा म्हणून मोबाईलचा इंटरनेट आधीच जोडून ठेवला होता. मुलाखत नीट पार पडली. घरात शक्य नसेल तर महाविद्यालयातली एखादी खोली मागा, आम्ही देतो. मुलं संकोचानं विचारतच नाहीत.

प्रश्नांचं म्हणाल तर तुमच्या अर्जातून येतात, तुमच्या राज्यातून येतात, चालू घडामोडींमधून येतात. पाठ केलेली व्याख्या ऐकायला कोणी बसलेलं नसतं. माहीत नसेल तर "माहीत नाही, सर" म्हणा. त्यानं काही बिघडत नाही. अंदाजानं राजधानीचं नाव ठोकून दिलंत तर बिघडतं.

तयारीला काय वाचू?

क्लासच्या नोट्स बाजूला ठेवा. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी फुकट आहेत: वार्षिक अहवाल, दोन देशांची संयुक्त निवेदनं, आणि संसदेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. संयुक्त निवेदन वाचायची सवय लावा. कुठला शब्द आला, मागच्या वेळचा कुठला गळला, हे बघा. मी वर्गात एका देशाची लागोपाठची दोन निवेदनं देते आणि फरकांखाली पेन्सिलनं रेघ मारायला सांगते. तासाभरात मुलांना जे कळतं ते चार व्याख्यानांत कळत नाही. संसदेच्या प्रश्नोत्तरांत आपल्या खासदारांनी विचारलेले प्रश्नही सापडतात. प्रवक्त्यांची साप्ताहिक पत्रकार परिषद ऐका, त्यातून ती भाषा कानाला सवयीची होते.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी कच्चं आहे.

मंत्रालयातलं बरंचसं लेखन इंग्रजीत चालतं, तेव्हा वाचता-लिहिता आलं पाहिजे, यात सवलत नाही. पण फर्डं बोलता यायला हवं असं काही नाही. लहान, बरोबर वाक्यं बोला. उच्चार आपले आहेत तसे राहू द्या. रोज एक संयुक्त निवेदन वाचून त्याचा पाच ओळींत सारांश लिहायचा, असं तीन महिने केलंत तर फरक तुम्हालाच दिसेल.

परकीय भाषेची अट नाही.

पैसे मिळतात का?

दरमहा १०,००० रुपये मानधन. शिवाय तुमच्या राज्यातून किंवा महाविद्यालयाच्या ठिकाणाहून दिल्लीला जाण्या-येण्याचं एकदाचं विमानभाडं, साध्या वर्गाचं. नागपूरहून दिल्लीला थेट विमान आहे. तिकीट आणि बोर्डिंग पास फेकू नका.

राहण्या-जेवणाची सोय मात्र स्वतः करायची असते, आणि १०,००० रुपयांत दिल्ली भागत नाही. घरून वर पैसे लागतील हे आईबाबांशी आधीच बोलून घ्या. परिस्थिती अगदीच बेताची असेल तर तीन महिन्यांऐवजी एक महिन्याचा विचार करा. महिनाभराचं कामही पूर्ण काम आहे.

"पोरगी दिल्लीत एकटी कशी राहीन?" आई विचारते.

आईला माझ्याकडे घेऊन या, असं मी सांगते, आणि बऱ्याच आया येतात. त्यांची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नका.

मंत्रालयाचं जवाहरलाल नेहरू भवन जनपथवर आहे, मेट्रो स्थानक जवळ. तेव्हा राहायची जागा मेट्रोच्या मार्गावर शोधा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. मुलींसाठी वसतिगृहं आणि पीजी आहेत. ऑनलाइन फोटो पाहून आगाऊ पैसे भरू नका. आपल्या महाविद्यालयाची दिल्लीत शिकणारी, नोकरी करणारी माजी विद्यार्थिनी शोधून तिला एकदा जागा पाहून यायला सांगा. पहिल्या आठवड्यासाठी सोबत आई किंवा दादा गेला तर उत्तमच. महाराष्ट्र सदनाचं नाव पालक हमखास काढतात, पण ती सोय महिनोन्‌महिने राहण्यासाठी नाही.

तिथे काम काय असतं?

मंत्रालयात प्रदेशांचे विभाग असतात आणि विषयांचे विभाग असतात. तुम्हाला एका विभागात नेमतात आणि विभागप्रमुख काम देतात. संदर्भ शोधणं, टिपण तयार करणं, एखाद्या घडामोडीचा मागोवा घेणं, अहवाल लिहिणं. राजदूतांच्या बैठकीत शेजारी बसाल अशी कल्पना करून जाऊ नका. पण एका पानाच्या टिपणात वीस पानांचा ऐवज कसा बसवायचा, हे तिथे जसं शिकायला मिळतं तसं आमच्या वर्गात मिळत नाही.

जे वाचाल, जे कळेल ते बाहेर बोलायचं नाही. त्या कामावर आधारित काही छापायचं असेल तर मंत्रालयाची परवानगी लागते. टेबलावरच्या कागदाचा फोटो, कामाचं स्टेटस, काहीही समाजमाध्यमांवर टाकू नका, मित्रांच्या ग्रुपवरही नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळतं.

यामुळे आयएफएस व्हायला मदत होते का?

यूपीएससीत एकही गुण वाढत नाही, आणि मंत्रालयात नोकरीचा हक्कही मिळत नाही. परराष्ट्र सेवेत जायचं तर नागरी सेवा परीक्षाच द्यावी लागते. पण ही नोकरी आपल्याला खरंच हवी आहे का, हे तिथे राहून कळतं. सहा वर्षं परीक्षा देत बसण्याआधी ते कळलेलं बरं.

एकानं पाच हजारांत अर्ज भरून "सेटिंग" करून देतो म्हटलंय.

एक रुपया देऊ नका. अर्जाला शुल्क नाही, मधला माणूस नाही. पोर्टलचा पत्ता सरकारी आहे का ते बघा, शेवटी "जीओव्ही डॉट इन" असायला हवं. ओटीपी, आधार, गुणपत्रिकांच्या फाईली कुणाच्याही हवाली करू नका. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसलात तरी पासवर्ड स्वतः टाका आणि निघताना लॉगआउट करा.

निवड नाही झाली तर?

वय बसत असेल तर पुढच्या सत्राला पुन्हा भरा. मधल्या काळात इतरही दारं आहेत. दिल्लीतल्या सप्रू हाउसमध्ये भारतीय विश्व व्यवहार परिषद आहे, १९४३ ची संस्था, देशाचे उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष. तिथे संशोधनाशी संबंधित संधी निघतात. विकसनशील देशांच्या अर्थकारणावर काम करणारी आरआयएस ही परराष्ट्र मंत्रालयाशी संलग्न स्वायत्त संस्था आहे. संरक्षणाकडे ओढा असेल तर १९६५ मध्ये स्थापन झालेली, आता मनोहर पर्रीकरांचं नाव असलेली संरक्षण अभ्यास संस्था पाहा. नीती आयोगाचीही इंटर्नशिप आहे, पण तिथे मानधन नसतं.

आणि नागपुरात बसून करता येण्यासारखं: आपल्या जिल्ह्यातला एक विषय घ्या, संत्रा, तांदूळ, कापूस, दीक्षाभूमीला येणारे परदेशी यात्रेकरू, काहीही. कळमना बाजारात जाऊन अडत्यांशी बोला, निर्यातदाराला भेटा, संसदेतली उत्तरं काढा, आणि पंधरा पानांचा अभ्यास लिहा. काटोलच्या त्या मुलीनं आधार दुरुस्त होईपर्यंत हेच केलं. कळमन्यात पहाटे पाचला जाऊन, पेट्यांवर बसून, ढाक्याला माल पाठवणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. पुढच्या सत्राचा अर्ज भरताना तिला मसुदा लिहायला एक संध्याकाळ पुरली.